'द सोशल नेटवर्क': एदुआर्दोवर अन्याय झाला की त्याने कागद वाचायला हवे होते?

अर्धविराम

आधीच सांगते, या धाग्यात सगळा सिनेमा उघडा पडणार आहे. पाहिला नसेल तर पाहून या, धागा कुठे पळून जात नाही.

काल रात्री पुन्हा लावला. पाचव्यांदा असेल. २०१० मध्ये पहिल्यांदा पाहिला तेव्हा कॉलेजात होते आणि थिएटरमधून बाहेर पडताना डोक्यात फक्त मार्क झुकरबर्ग होता. वसतिगृहाच्या खोलीत बसून एक पोरगा फेसबुक उभं करतो, याचंच अप्रूप. काल मात्र दोन तास मी त्याच्या मित्राकडे, सहसंस्थापक एदुआर्दो साव्हेरिनकडेच बघत होते. अँड्र्यू गारफिल्डचा चेहराच असा आहे की पुढे काय होणार हे ठाऊक असूनही वाटतं, या वेळी तरी सही करू नकोस रे बाबा.

तो न्यूयॉर्कहून पालो अल्टोच्या ऑफिसात येतो, वकील समोर कागद ठेवतात, आणि तो सह्या करून मोकळा होतो. त्याच कागदांनी कंपनीतला त्याचा हिस्सा जवळजवळ संपतो. पुढे खटल्याच्या जबानीत कळतं की ते आपलेच वकील आहेत असं त्याला वाटलं होतं. हा हार्वर्डमध्ये अर्थशास्त्र शिकणारा, सिनेमात तरी तेलाच्या सौद्यांत तीन लाख डॉलर कमावलेला मुलगा. आकडे त्याला कळत नव्हते असं म्हणायची सोयच नाही.

मग हा अन्याय की निष्काळजीपणा? मला ठरवता येत नाहीये आणि झोपही लागली नाही. तुमचं मत लिहा.

पटावरचा घोडा

अन्यायाचं नंतर बघू, आधी खिडकीच्या काचेबद्दल लिहू द्या!

फेसमॅशच्या, म्हणजे मुलींचे फोटो एकमेकांशी तोलणाऱ्या साइटच्या रात्री मार्क एदुआर्दोकडे जे सूत्र मागतो आणि तो काचेवर लिहून देतो, ते बुद्धिबळातलं एलो मानांकन. आर्पाद एलो हंगेरीत जन्मलेले, अमेरिकेत भौतिकशास्त्र शिकवायचे. अमेरिकेच्या बुद्धिबळ संघटनेने १९६० मध्ये आणि फिडेने, म्हणजे जागतिक संघटनेने, १९७० मध्ये त्यांची पद्धत स्वीकारली. गाभा साधा आहे: दोन खेळाडूंच्या गुणांतल्या फरकावरून निकालाची अपेक्षा काढायची. २०० गुणांचा फरक असेल तर वरच्याने सरासरी ७६ टक्के गुण मिळवावेत, ४०० चा असेल तर ९१ टक्के. अपेक्षेपेक्षा चांगलं खेळलात की मानांकन चढतं, वाईट खेळलात की उतरतं.

आयुष्यभर मी हे आकडे डावांसाठी मोजले. तीच पद्धत मुलींच्या फोटोंना लावलेली बघताना पोटात कसंसंच झालं. गणित तेच, फक्त पटावरच्या दोघांनी खेळायचं कबूल केलेलं असतं. त्या मुलींना कुणी विचारलंही नव्हतं.

मावळतीचं ऊन

घोडा, शेवटचं वाक्य अगदी मनातलं लिहिलंत.

मला त्याच धाग्याचं पुढचं टोक खुपतं. ज्या एरिकाने नकार दिल्यामुळे हे सगळं घडतं असं सिनेमा दाखवतो, ती एरिका ऑलब्राइट नावाची मुलगी काल्पनिक आहे. खरा झुकरबर्ग प्रिसिला चॅनला २००३ मध्येच भेटला होता आणि २०१२ मध्ये त्यांनी लग्न केलं. ती सिनेमात कुठेच नाही. जिवंत माणसाच्या अख्ख्या उद्योगामागचं कारण म्हणून एक अस्तित्वात नसलेली मुलगी उभी करायची, हे मला पटत नाही. मुलगी नाकारते म्हणून मुलगा जग बदलतो, ही गोष्ट आपण लहानपणापासून ऐकत आलोय. खऱ्या आयुष्यात त्याला फक्त वस्तू बनवायला आवडत असेल, इतकं साधं कारण का चालत नाही आपल्याला?

शेवटचा बाक

एरिका काल्पनिक आहे पण पहिला प्रसंग तिचाच आहे ना ताई! दोघं टेबलाशी बसून बोलतात, बस्स. त्या एका प्रसंगाचे ९९ टेक घेतले डेव्हिड फिंचरने. ॲरन सॉर्किनची पटकथा १६० पानांच्या वर होती, नेहमीच्या हिशोबाने पावणेतीन तासांचा सिनेमा झाला असता. तो दोन तासांत बसवला, तोही पानं न गाळता, नटांना भराभर बोलायला लावून. म्हणून तिथे कुणी श्वास घेताना दिसत नाही. तीन ऑस्कर मिळाले: रूपांतरित पटकथा, संकलन आणि संगीत. सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं हुकलं याचं वाईट मला अजून वाटतं.

आणि तिच्याकडून बाहेर पडल्यावर तो अंगात हुडी घालून अंधारातून वसतिगृहाकडे जातो, तेव्हाचा पियानो. संगीत ट्रेंट रेझनर आणि ॲटिकस रॉस यांचं. वर चार-पाच सूर टपटप पडतात आणि खाली एक घरघर सतत चालू, जवळच्या खोलीत यंत्र चालू राहिल्यासारखी. मी हेडफोन लावून काम करताना हेच ऐकतो. हीच धून पुढे जबानीच्या खोलीतही परत येते, तेव्हा पियानो लांब गेल्यासारखा वाटतो.

अर्धविराम

बाक, पियानोचं खरंय. पण माझ्या प्रश्नाला अजून कुणी हात लावला नाही 🙂

कोरा कागद

मी लावतो. कंपन्यांचे कागद करणं हाच माझा धंदा आहे, त्यामुळे थोडं लांबेल.

शेअर 'डायल्यूट' होणं यात मुळात काही गैर नसतं. समजा कंपनीचे १०० शेअर आहेत, मार्कचे ७० आणि एदुआर्दोचे ३०. बाहेरचा गुंतवणूकदार आला, त्याला २५ नवे शेअर दिले. एकूण १२५ झाले. मार्क ५६ टक्क्यांवर आला, एदुआर्दो २४ वर. दोघांचंही कमी झालं, एकाच प्रमाणात. पोळी मोठी होते म्हणून तुकडा लहान दिसतो, एवढंच.

आता दुसरा प्रकार. कंपनीने २०० नवे शेअर काढले आणि ते एदुआर्दो सोडून बाकीच्यांना वाटले. एकूण ३००, एदुआर्दोचे तेच ३०. म्हणजे १० टक्के. त्याच्या हातातून एकही शेअर कुणी काढून घेतला नाही, तरी त्याचा हिस्सा एक तृतीयांशावर आला. सिनेमात जबानीच्या वेळी त्याला एकेकाचं नाव घेऊन विचारतात, याचा हिस्सा किती कमी झाला, त्याचा किती, आणि प्रत्येक वेळी उत्तर एकच येतं: झाला नाही. अख्ख्या सिनेमातला माझ्या दृष्टीने सगळ्यात भयंकर प्रसंग तो.

सिनेमा म्हणतो ०.०३ टक्के. वरच्या हिशोबात ३० शेअरचे ०.०३ टक्के व्हायला एकूण शेअर एक लाख करावे लागतील, म्हणजे हजार पट. प्रत्यक्षात त्याचा हिस्सा सुमारे ३४ टक्क्यांवरून १० च्या खाली आला होता. ते कमी वाईट नव्हतं, पण पडद्यावरचा आकडा नाट्यासाठी फुगवलेला आहे. पुढे खटला झाला, तडजोड झाली, सहसंस्थापक म्हणून त्याचं नाव परत लागलं. आणि २०१२ मध्ये फेसबुकचा शेअर ३८ डॉलरने बाजारात आला तेव्हा जे उरलं होतं तेही अफाट होतं.

प्रश्नाचं उत्तर: दोन्ही. ज्यांनी तसे कागद तयार केले त्यांना ते काय करतायत हे नीट ठाऊक होतं. आणि ज्याने सही केली त्याने स्वतःचा वकील न्यायला हवा होता.

निळी शाई

कोरा कागद +१. डायल्यूशन आज पहिल्यांदा कळलं, तेही पोळीवरून.

रात्रपाळी

मार्कची बाजू कुणीच घेत नाहीये म्हणून मी घेतो.

एदुआर्दोने बँकेचं खातं गोठवलं, हे सगळे विसरतात. तो न्यूयॉर्कमध्ये, बाकीचे पालो अल्टोत दिवसरात्र काम करतायत, लोक हजारांनी येतायत. २००४ च्या अखेरीला दहा लाख वापरकर्ते झाले होते. अशा वेळी सर्व्हरचे पैसे थकले तर? मार्क फोनवर ज्या पोटतिडकीने सांगतो की साइट कधीही बंद पडता कामा नये, ते ऐकून माझ्या अंगावर काटा येतो, कारण मी सर्व्हर सांभाळतो.

एकदा आमच्याकडे पैसे भरायचे राहिले म्हणून पहाटे तीनला सगळं बंद पडलं. सकाळी नऊपर्यंत परत चालू केलं, पण त्या सहा तासांत जे ग्राहक गेले ते गेलेच. ज्याच्याकडे खात्याची सही होती तो झोपला होता. त्या रात्री मला त्याच्याबद्दल जे वाटलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

हजार डॉलर पहिल्या दिवशी दिले म्हणून कायमचा हक्क, आणि रोज सोळा तास काम करणाऱ्याने गप्प बसायचं? मला हे पटत नाही.

कोरा कागद

रात्रपाळी, मुद्दा रास्त आहे. पण त्यासाठी 'व्हेस्टिंग' असतं. हिस्सा पहिल्या दिवशी सगळा हातात द्यायचा नाही, साधारण चार वर्षांत कमवायचा. पहिलं वर्ष पुरं होण्याआधी सोडून गेलास तर काहीच नाही. म्हणजे जो काम करतो त्याचं वाढत जातं आणि जो लांब राहतो त्याचं थांबतं, तेही दोघांनी आधी कबूल केलेलं. हे सुरुवातीला लिहून घेतलं असतं तर एदुआर्दोचा हिस्सा कमी झालाच असता, पण त्याच्या डोळ्यांदेखत.

वल्हेकरी

मार्कने आपली कल्पना चोरली म्हणून खटला भरणाऱ्या जुळ्या विंकलव्हॉस भावांबद्दल कुणीच बोलत नाही म्हणून लिहिते.

दोघंही आर्मी हॅमर आहे. जॉश पेन्स नावाच्या नटाने दुसऱ्याचं शरीर दिलं आणि चेहरा नंतर हॅमरचा बसवला. मला कितीतरी दिवस माहीत नव्हतं. हेन्लीची नौकांची शर्यत पाहताना सगळं खेळण्यातलं वाटतं, कारण कडा मुद्दाम धूसर केल्यात आणि वर संगीतकार ग्रीगची ती चढत जाणारी धून. मी कॉलेजात असताना वल्हवायचे. शेवटच्या दोनशे मीटरला मांड्यांत आग होते आणि कानात काही ऐकू येत नाही, ते त्या दृश्यात बरोबर उतरलंय.

हे दोघं खरोखर २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकला गेले आणि सहावे आले. आणि त्यांना ६ कोटी ५० लाख डॉलरची तडजोड मिळाली, रोख आणि शेअर मिळून. नंतर ती कमी म्हणून पुन्हा भांडले आणि २०११ मध्ये अपिलात हरले.

सिनेमा त्यांना थोडं हास्यास्पद करतो, पण त्यांचं म्हणणं मला कळतं. आपण एखाद्याला कल्पना सांगून कामाला लावावं, त्याने 'करतोय, करतोय' म्हणत आठवडे काढावेत आणि ४ फेब्रुवारी २००४ ला वेगळीच साइट चालू करावी. चोरी म्हणा वा नका म्हणू, दगा तर तो आहेच. त्यांच्यातला तिसरा दिव्य नरेंद्र, त्याचा राग पडद्यावर सगळ्यात खरा वाटतो. फक्त ती भूमिका भारतीय वंशाच्या नटाला द्यायला हवी होती.

पटावरचा घोडा

कल्पना आणि काम यांत फरक आहे वल्हेकरी. ओळखीच्यांना जोडणारी साइट ही कल्पना तेव्हा हवेत होतीच, फ्रेंडस्टर होतं, मायस्पेस होतं. ज्याने बांधलं त्याचं घर.

वल्हेकरी

घर ज्याने बांधलं त्याचं, मान्य. पण गवंड्याने माझ्या घराचं काम घेऊन मला तारखा द्यायच्या आणि तेवढ्यात शेजारी स्वतःचं बांधायचं, याला काय म्हणाल?

निळी शाई

भागीदारांवरून आठवलं: ॲपलचा तिसरा संस्थापक रोनाल्ड वेन. १९७६ मध्ये जॉब्ज आणि वॉझ्नियाक यांच्याबरोबर १० टक्के हिस्सा, आणि बारा दिवसांत ८०० डॉलर घेऊन बाहेर. त्याच्यावर सिनेमा का नाही कुणी काढत?

शेवटचा बाक

निळी शाई, कंपनी घडण्यावरचाच बघायचा असेल तर २०२३ चा 'ब्लॅकबेरी' बघा. सॉर्किनने पुढे २०१५ मध्ये 'स्टीव्ह जॉब्ज' लिहिला, तीन उत्पादनांच्या उद्घाटनांआधीची फक्त पडद्यामागची धावपळ. तोही आवडतो मला, पण त्यात एदुआर्दो नाही.

हातमाग

मी इथे सहसा वाचूनच जातो. आज लिहितो.

आम्ही दोघं मित्र, पहिलीपासूनचे. लहान दुकानदारांसाठी हिशोबाचं सॉफ्टवेअर करायचं ठरवलं. तो नोकरी सोडून पूर्ण वेळ बसला, मी नोकरी ठेवली आणि माझी बचत घातली. दोन वर्षांनी बाहेरचे पैसे यायची वेळ आली. एका संध्याकाळी तो माझ्या ऑफिसखाली आला, हातात सात पानं. खालीच उभं राहून गाडीच्या बॉनेटवर कागद ठेवले. त्याचं पेन चालेना, म्हणून माझं घेतलं. वारा होता, पानं उडत होती, एका कोपऱ्यावर त्याने तळवा दाबून धरला आणि मी सह्या केल्या. बॉनेट गरम होतं हेसुद्धा आठवतं. पाच मिनिटंही लागली नाहीत.

आकडा इथे लिहीत नाही. माझं जवळजवळ सगळं गेलं.

अर्धविराम, तुम्ही विचारता निष्काळजीपणा का. मी नोकरीत रोज करार वाचायचो. परक्याचा एक कागद मी न वाचता सही केला नसता. पण तिथे, त्याच्यासमोर, पान उलटून वाचायला लागलो असतो तर त्याचा अर्थ 'माझा तुझ्यावर विश्वास नाही' असा झाला असता. ते मला नको होतं. माझं लक्ष कागदावर नव्हतं, त्याच्या तोंडाकडे होतं. गारफिल्ड सह्या करताना हसतो, तेव्हा मला तेच दिसतं. मित्राकडे आल्याचा आनंद आहे त्याला. कामाच्या कागदांसाठी नाही, मार्कने बोलावलं म्हणून आलाय तो.

रात्रपाळी, तुमचंही खोटं नाही. माझा मित्र रात्र-रात्र जागायचा आणि मी दहाला झोपायचो. त्याला कधीतरी वाटलंच असेल की याला फुकट मिळतंय. ते त्याने मला तोंडावर सांगायला हवं होतं.

अर्धविराम

हातमाग, दोनदा वाचलं. लिहिलंत त्याबद्दल मनापासून आभार.

रात्रपाळी

हातमाग, माझा वरचा प्रतिसाद मागे घेत नाही, पण शेवटची ओळ तुम्ही लिहिलीत तीच खरी. तोंडावर सांगायला हवं होतं. त्या पहाटे मीही सहकाऱ्याला काही बोललो नाही, महिनाभर धुमसत राहिलो.

मावळतीचं ऊन

हातमाग यांचं वाचून मला एक गोष्ट नव्याने जाणवली. हा सिनेमा बेन मेझरिकच्या २००९ च्या पुस्तकावर आहे. मेझरिकला माहिती देणारा मुख्य माणूस एदुआर्दो साव्हेरिनच होता. झुकरबर्ग बोललाच नाही. म्हणजे आपण जी गोष्ट बघतो ती मुळात दुखावलेल्या मित्राने सांगितलेली आहे. सॉर्किनने दोन्ही खटल्यांचे कागद वाचून प्रत्येक बाजू जबानीत मांडली, निकाल दिला नाही, हे त्याचं मोठेपण. पण आपला जीव एदुआर्दोत अडकतो त्याचं एक कारण हेही आहे. मार्कच्या मनात सह्या होत असताना काय चाललं होतं ते कुणालाच ठाऊक नाही. तिथे एरिका भरावी लागली.

शेवटचा बाक

मावळतीचं ऊन, आधी तुमच्याशी वाद घालणार होतो, आता नाही घालत. मार्क झालेल्या जेसी आयझेनबर्गचं कौतुक मात्र करू द्या. जबानीच्या खोलीत तो पूर्ण वेळ इतरांना कापत असतो, आणि एदुआर्दो बोलायला लागला की खिडकीकडे किंवा कागदावर बघतो. त्याच्याशी नजर भिडवणं त्याला जड जातं. मनात काय चाललंय हे नटाने तेवढं दाखवलंय.

निळी शाई

डस्टिन मॉस्कोविट्झ आणि ख्रिस ह्यूज हेही संस्थापक होते आणि सिनेमात जवळजवळ फर्निचर आहेत. ह्यूजने तर २०१९ मध्ये जाहीर लेख लिहून फेसबुकचे तुकडे करा अशी मागणी केली. त्या खोलीतल्या प्रत्येकाचा एकेक सिनेमा होईल.

अर्धविराम

सगळ्यांचे आभार. आता हा धागा काढण्यामागचं खरं कारण सांगते, सुरुवातीला सांगितलं नव्हतं.

माझा भाचा दोन मित्रांबरोबर कंपनी काढतोय. एकवीस वर्षांचा आहे. भागीदारीच्या कागदांवर सही करायची आहे आणि त्याला विचारलं तर म्हणाला, "मावशी, ते दोघं माझे भाऊ आहेत." म्हणून सिनेमा लावला, त्याच्याबरोबर. त्याला मार्क आवडला. साहजिक आहे.

कोरा कागद, मुलाने नेमकं काय बघायचं ते थोडक्यात सांगाल का?

कोरा कागद

नवे शेअर निघाले तर आपल्यालाही त्या प्रमाणात घ्यायचा हक्क आहे का. व्हेस्टिंग तिघांनाही सारखं आहे का. एकाने सोडलं तर त्याचे शेअर कोण, कोणत्या भावाने घेणार. बँकेच्या खात्यावर किती जणांच्या सह्या लागणार, म्हणजे रात्रपाळींची पहाट येणार नाही आणि कुणी एकटा खातं गोठवूही शकणार नाही. आणि कागद ज्याने तयार केले तो वकील कंपनीचा असतो, भाच्याचा नव्हे. त्याचा वेगळा हवा. एक दिवसाची फी लागेल.

हातमाग

माझ्याकडूनही एक. तिघांनी एकत्र बसून मोठ्याने वाचा. एक पान एकाने, पुढचं दुसऱ्याने. म्हणजे वाचायला लागलं की अविश्वास दाखवल्यासारखं होत नाही, सगळेच वाचत असतात. आणि टेबलावर बसा.

अर्धविराम

हे त्याला जसंच्या तसं पाठवलं. 'मोठ्याने?' असा एकच शब्द आला उत्तरात, आणि दहा मिनिटांनी 'बरं'. शनिवारी तिघंही आमच्याकडे येतायत. एकूण तेवीस पानं आहेत म्हणे.